धडगावचा मध्यक शून्य

माझ्याकडे माणसं दोनच कामांसाठी येतात. एक, पोराचे मार्क वाढवून द्या म्हणून. आणि दोन, आकडे आणलेत, जरा चांगले करून द्या म्हणून. पहिल्यांना मी दारातूनच वाटेला लावते. दुसऱ्यांना आत बसवते, चहा देते आणि मग झापते. शहाद्याच्या कॉलेजात इतकी वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवून माझं डोकं तापट झालं, की ते मुळातच तापट होतं म्हणून मी हा विषय घेतला, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत.

अमृतभाऊ दुसऱ्या प्रकारातले. म्हसावदचे बागायतदार, नात्यानं माझे लांबचे दीर, आणि लकवा मारलेल्या माणसांना पुन्हा उभं करणाऱ्या एका ट्रस्टचे अध्यक्ष. ट्रस्टची केंद्रं दोन. एक म्हसावदला, भाऊंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दुसरं वर सातपुड्यात, धडगावला. दोन्हींचा खर्च पुण्याची एक कंपनी करते. त्या दिवशी भाऊ कंपनीच्या अजित नावाच्या तरुण साहेबाला घेऊन माझ्या ओट्यावर हजर झाले.

"वहिनी, सोपं काम शे," भाऊ म्हणाले. "दोन्ही केंद्रास्नी सरासरी काढी द्या. आम्हले एकच आकडा जोयजे."

अजितनं लॅपटॉप उघडून समजावलं. पुढच्या वर्षापासून कंपनी एकाच केंद्राला पैसे देणार. कोणत्या, ते आकडे बघून ठरणार. दुसरं मार्चअखेर बंद. प्रत्येक पेशंटला शंभरापैकी गुण दिलेले होते: स्वतः जेवतो का, आंघोळ करतो का, कपडे घालतो का, खाटेवरून उठतो का, चालतो का, जिना चढतो का. केंद्रात आला तेव्हा एकदा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा.

"आणि याची तुम्ही सरासरी काढणार?" मी म्हणाले. "कशाची डोंबलाची सरासरी? हे काय कापसाचे भाव आहेत? माणसाला लघवीवर ताबा आला की यात पाच गुण वाढतात. स्वतःचे केस विंचरले तरी पाचच. दोन्ही सारखंच का?"

भाऊंनी टकलावरून हात फिरवला. "मन्हा बाबतीत केसना प्रश्नच नही."

"बैलांच्या शर्यतीत पहिली जोडी आणि दुसरी जोडी यांच्यात एका शिंगाचं अंतर असतं, आणि दुसरी-तिसरीत अर्ध्या शेताचं. पण नंबर एक, दोन, तीन असेच पडतात ना? हे गुण तसले आहेत. कोण पुढे, कोण मागे, एवढंच सांगतात. किती पुढे ते सांगत नाहीत. यांची बेरीज-भागाकार करून सरासरी काढली की आकडा येतो, पण अर्थ येत नाही."

"मग काय काढायचं?" अजितनं विचारलं.

"मध्यक. सगळ्यांना गुणांप्रमाणे ओळीनं उभं करायचं, बरोबर मधला माणूस धरायचा आणि त्याचे गुण वाचायचे. दोन केंद्रांची तुलनासुद्धा ओळीतल्या जागांवरून करायची. आणि सुरुवातीला कोण किती पडलेला होता तेही धरायचं. नव्वद गुण घेऊन आलेला माणूस सुधारून सुधारून किती सुधारेल? वर शंभराचं छप्पर आहे. जो दहावर आला त्याला अख्खं आभाळ मोकळं."

"मॅडम, या पद्धतीला काही नाव असेल ना? स्लाइडवर टाकायला."

"आहे. पण नाव सांगितलं की तुम्ही पुढचं ऐकायचे नाही."

मग गैरहजरांचा प्रश्न आला, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. म्हसावदला सहा महिन्यांच्या तपासणीला जवळजवळ सगळे हजर होते. धडगावला निम्म्याहून जास्त पेशंट आलेच नव्हते. कंपनीचा नियम असा, की जो आला नाही त्याला शून्य. मेलेल्याला शून्य, न आलेल्यालाही शून्य.

"हजर तो वजीर!" भाऊ खूश होऊन म्हणाले.

आता मी एवढी फणा काढून बसलेली बाई. मला तिथं बोलायला काय झालं होतं? पण नाही बोलले. मला तो नियम आवडला. लकव्याचा पेशंट तपासणीला येत नाही म्हणजे तो एकतर खाटेला खिळलेला असतो किंवा गेलेला असतो, असंच मी धरून चालले होते. वाईटात वाईट धरा, मग जे उरेल ते खरं, हे मी वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगते. "ठीक आहे," मी म्हणाले, "नियम कडक असलेला बरा."

सहा महिने पूर्ण न झालेल्यांची नावं मी यादीतून काढायला लावली आणि घरचं काम समजून गणित मांडलं. म्हसावदचा मध्यक आला पासष्ट. धडगावचा आला शून्य. यायचाच होता. निम्म्याहून जास्त लोकांना शून्य दिलं तर ओळीतला मधला माणूस शून्यातच उभा असणार, याला कॉम्प्युटर कशाला लागतो? अजितची अडाणी सरासरी काढली असती तर धडगावला निदान दहा-पंधरा तरी मिळाले असते. मी भांडून आणलेल्या शास्त्रशुद्ध मध्यकानं त्यांच्या हातावर भोपळा ठेवला. तरीही मी तो आकडा पाठवला, आणि काम चोख केल्याच्या समाधानात भाकरी खाल्ली.

त्याच आठवड्यात यामिनी पावरा माझ्या दारात उभी राहिली. धडगावच्या केंद्राची फिजिओथेरपिस्ट. तिकडचीच मुलगी, बाहेर शिकून परत आपल्या डोंगरात गेलेली. सकाळच्या जीपनं घाट उतरून आली होती. अशा जीपमध्ये माणसं आत कमी आणि बाहेर जास्त असतात. तिनं पाणीही घेतलं नाही.

"मॅडम, शून्य म्हणजे मेलेला ना?"

"किंवा तसाच."

"म्हणजे आमचा मधला पेशंट मेला." ती खुर्चीच्या कडेवर बसली. "तुम्हाला सांगू, तो मधला पेशंट कुठे आहे? ऊस तोडायला गेलाय."

"लकव्याचा पेशंट ऊस तोडतो?"

"बरा झाला म्हणूनच गेला ना! दिवाळी झाली की आमची माणसं खाली उतरतात. कोण इकडे शहाद्याकडे, कोण गुजरातेत. ज्याचे हातपाय चालतात तो वर थांबून काय करेल? दगड खाईल? घरी राहतात ते न उठणारे. तेच बिचारे तपासणीला येतात, त्यांना दुसरं कामच नसतं. तुम्ही आमच्या न बऱ्या झालेल्यांना हजर धरलंत, आणि बरे झाले त्यांना मारून टाकलंत."

  वर्षानुवर्षं मी पोरांना सांगते, माहिती गायब आहे तर का गायब आहे ते आधी शोधा. आणि मी स्वतः? मी शोधलं नव्हतं, गृहीत धरलं होतं. पण मी चुकले असं पहिल्या दमात म्हणेन तर माझं नाव रोहिणी नाही. उलट मीच तिच्यावर आवाज चढवला. "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलं कोणी?"

 मी म्हणाले, "नुसत्या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही. माणूस दाखव."

"चला. फार लांब नाही," यामिनी म्हणाली.

लांब नव्हताच. माझा शून्य गुणांचा माणूस अमृतभाऊंच्याच म्हसावदच्या मळ्यात, भाऊंचाच ऊस तोडत होता. बांधाच्या कडेला पाचटाच्या खोप्या, चुलींचा धूर, आणि उसात टोळी. यामिनीनं हाक मारली तसा एक काटक, पन्नाशीकडे झुकलेला माणूस बाहेर आला. दिवाल्या. तोरणमाळच्या खालच्या अंगाच्या पाड्यावरचा. उन्हाळ्यात उजवी बाजू पूर्ण गेली होती. चार जणांनी बांबूला झोळी बांधून त्याला रस्त्यापर्यंत आणला होता. आता डोक्यावर उसाची मोळी होती, आणि ती घेऊन तो ट्रॉलीला लावलेल्या तिरक्या फळीवरून सरळ वर चढला, मोळी टाकली आणि उतरून आमच्यासमोर आला.

तक्त्यात जिन्याचे दहा गुण असतात. धडगावच्या पाड्यांवर जिना नसतो, म्हणून तो रकाना भरायचा कसा असा वाद अजितनं घातला होता. मी त्याच क्षणी मनात दहा गुण लिहून टाकले.

"ही बाई?" दिवाल्यानं यामिनीला विचारलं, आणि मग माझ्याकडे बघून हसला. "बाई, तुम्ही मला शून्य दिलं म्हणे. शाळेत पण मला शून्यच पडायचे."

मी हसले नाही. मला हसायला येईना. "आंघोळ स्वतः करतोस?" मी विचारलं.

"मग काय तुम्ही घालाल?"

यामिनी खो खो हसली. मी शर्टाची बटणं काढून लावायला सांगितली, लावली. उजव्या हातानं जेवतो का विचारलं, तर त्यानं खोपीतून भाकरी आणून खाऊनच दाखवली, वर मलाही तुकडा दिला. बोलता बोलता मी सहज विचारलं, की त्याची जोडीदारीण कुठे आहे. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं: तो तोडतो, ती मोळ्या बांधते. एकट्या माणसाला मुकादम अर्धा कोयता म्हणतो.

दिवाल्याचं हसू गेलं. "मी या साली अर्धा कोयता. भाऊ आहे, रेवजी, त्याच्या संगं जमवतो." त्यानं मान खाली घातली. "रमिलाला झालं. मला झालं तेच. दिवाळीच्या पाठोपाठ."

एकाच घरात दोनदा. योगायोगाच्या शक्यता मी रोज फळ्यावर लिहिते. त्या बांधावर मला एकही सूत्र आठवेना. रमिलाबाई धडगावला बहिणीकडे होती. यामिनीच्या केंद्रात तिला रोज उचलून नेत होते. नुकतीच ती टेकू न घेता बसायला लागली होती, पण बोलणं अजून आलं नव्हतं.

"मला यामिनीताईनं उभं केलं," दिवाल्या म्हणाला. "तिला पण करतील. तेवढं ते केंद्र राहू द्या, बाई. मी पैसे पाठवतो, ती चालायला लागली की पुढच्या साली आम्ही दोघं येऊ. केंद्र राहील ना?"

"राहील," मी म्हणाले. खरं तर मी कुणालाही असं छातीठोक कधी सांगत नाही. माझ्या विषयात 'राहील' नसतंच, 'राहण्याची शक्यता' असते. पण बोलून गेले.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. टोळ्यांच्या मुकादमांचे फोन यामिनीकडे होते. जे शहाद्याच्या आसपास होते त्यांच्या फडावर गेलो, आणि जे बारडोलीकडे गेले होते त्यांना व्हिडिओ कॉल लावले. उसात उभं राहून माणसं आम्हाला केस विंचरून दाखवत होती, बटणं लावून दाखवत होती. एका बहाद्दरानं आंघोळही लाइव्ह दाखवायची तयारी केली. यामिनीनं त्यांच्या पावरी बोलीत ओरडून त्याला थांबवला. काही खरंच वारले होते. त्यांना मी शून्य दिलं, तिथं दया दाखवली नाही. काही शेवटपर्यंत सापडलेच नाहीत. त्यांच्यासाठी गणित दोनदा केलं: एकदा ते सगळे खाटेवर आहेत असं धरून, एकदा ते सगळे फडात आहेत असं धरून. दोन्ही वेळी धडगावच पुढे. मध्यक पंच्याण्णव! आणि सुरुवातीला म्हसावदच्या पेशंटपेक्षा हीच माणसं जास्त पडलेली होती.

आता मला म्हसावदचं कोडं पडलं. तिथं केंद्र चांगलं, रस्ता चांगला, तपासणीला सगळे हजर, आणि गुण मात्र पासष्टाला अडलेले. म्हणून मी भाऊंच्या थोरल्या भावाकडे, नवलदाजींकडे गेले. त्यांना लकवा मारून वर्ष झालं होतं, आणि म्हसावदच्या यादीत तेही होते. ओट्यावर चौघांत बसून ते पत्ते पिसत होते. दोन्ही हातांनी, फर्रकन. तेवढ्यात दगूबाई, त्यांची बायको, बाहेर आली आणि नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून गेली.

"आंघोळ कोण घालतं यांना?" मी दगूबाईला स्वयंपाकघरात गाठलं.

"मीच घालस."

"आणि लकव्याच्या आधी?"

"पाणी मीच काढू, पाठ मीच घसू, कपडा मीच हातमा देऊ." ती माझ्याकडे वेड्यासारखं बघायला लागली. "आते त्यास्ले कसं सांगू, तुम्हीच आंघोळ करी ल्या म्हनीसन?"

कप्पाळ! तक्त्यात विचारतात, माणूस स्वतः करतो का. करू शकतो का, असं विचारत नाहीत. नवलदाजी ठणठणीत होते तेव्हाही त्यांना ऐंशीच्या वर गुण पडले नसते. आम्ही लकवा मोजतोय असं समजत होतो आणि मोजत होतो गावातल्या बायकांची चाकरी. हेही मी अहवालात लिहिलं, जरा सभ्य शब्दांत.

अहवाल पाठवला तसा अजितचा फोन आला. "मॅडम, फोनवरून घेतलेले गुण आहेत हे. वर कोणी म्हणेल, बसल्या जागी शंभर लिहिले."

एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे, हे मी पोरांना घसा फोडून सांगत आले आहे. एक शेजारीण बरी झाली म्हणून औषध लागू पडत नाही. आणि तरी मीच म्हणाले, "मग बैठकीला माणूसच आणते." लोकांना मध्यक दिसत नाही, माणूस दिसतो. त्याला मी तरी काय करणार?

बैठक म्हसावदच्या केंद्राच्या हॉलमध्ये होती. दिवाल्या त्या दिवसाची मजुरी सोडून आला. शर्ट धुतलेला, केसांना तेल, पायात रेवजीच्या चपला. "आज नीट चालतो बघा," तो मला दारातच म्हणाला. खोपीपासून इथवर तो वाटेत सराव करत आला होता, असं यामिनीनं सांगितलं.

मी आकडे मांडले. अमृतभाऊंचं तोंड उतरत गेलं. त्यांचं म्हसावद मागे पडलं होतं, आणि तेही त्यांच्याच घरच्या उदाहरणासकट. नवलदाजी पहिल्या रांगेत बसले होते. दगूबाईनं त्यांना पाण्याचा पेला तोंडाशी धरून पाजला तेव्हा दोघं-तिघं खोकले. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

मग दिवाल्या उठला. टेबलापासून दारापर्यंत चालला, वळला, परत आला. ताठ. बटणं काढली, लावली. कोपऱ्यातली भरलेली पाण्याची बरणी उजव्या हातानं उचलून खांद्यावर घेतली आणि गच्चीचा जिना वरपर्यंत चढून उतरून दाखवला. जिना, ज्याचं नावही पाड्यावर कुणी घेत नाही. अजितनं मोबाइलवर शूटिंग केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अमृतभाऊंनीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. तो उजेड मी बघितला. मला त्याचा अर्थ तेव्हा कळायला हवा होता.

"वा रे पठ्ठ्या!" भाऊ उभे राहिले. "अजितसाहेब, आपला डोळास्वरी दखा. धडगावनं काम फत्ते व्हयनं! बठ्ठा लोके बरा व्हई गयात. वहिनींनी गणितवरी सिद्ध करं. आते तठे केंद्र कसाले? गरज कोठे शे? आठे शे. मन्हा भाऊ दखा, वरीस व्हयनं, आजून बायको आंघोळ घालस."

 मग अजित सावकाश म्हणाला, "हे खरं तर छान आहे. 'धडगाव: उद्दिष्ट पूर्ण.' वर सांगायलाही चांगलं वाटतं. केंद्र बंद पडलं असं नाही दिसणार, यशस्वी होऊन थांबलं असं दिसेल."

"अहो, शुद्धीवर आहात का?" मी ओरडले. माईक बंद होता तरी बाहेरपर्यंत ऐकू गेलं असेल. "लकवा काय एकदा येऊन संपणारी साथ आहे? उद्या नवा माणूस पडेल त्याचं काय? आत्ताच पडलेत त्यांचं काय? या दिवाल्याची बायको तिथं आहे, आत्ता, या घडीला. नुकती बसायला लागलीय."

अजितनं लॅपटॉपमध्ये शोधलं. "रमिलाबाई? आपल्या माहितीत नाव नाहीये, मॅडम."

नव्हतंच. ती पडून सहा महिने झालेच नव्हते. मध्येच नवी माणसं घुसडली तर अभ्यास बिघडतो, ही अट घालणारी मीच. आणि ती अट बरोबर होती! आजही कोणी विचारलं तर मी तीच घालीन.

"आणि नव्या पेशंटचा आकडा या अहवालात कुठे नाही," अजित नम्रपणे म्हणाला. "तुम्हीच सांगता ना, जे मोजलं नाही त्यावर बोलू नये."

"तिले आठे आना ना," भाऊ मोठ्या मनानं म्हणाले. "आमनं दार उघडंच शे."

धडगावहून म्हसावद. तो घाट, ती वळणं, ती जीप. आणि जिला धड बसता येत नाही अशी बाई, रोज. मी नकाशा काढून सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, एकदा टेबलावर हातही आपटला. भाऊंनी माझ्यासाठी चहा मागवला. आधीचा चुकीचा आकडा तसाच राहिला असता तर धडगाव नापास म्हणून बंद झालं असतं. बरोबर आकडा आला, तर पास होऊन बंद झालं. मी इतक्या पद्धती तोलून बघितल्या होत्या, पण बंद करायचं कोणतं हे भाऊंनी कोणतीही पद्धत न वापरता आधीच ठरवलं होतं, त्यांना फक्त निमित्त हवं होतं आणि ते दिवाल्याच्या ताठ चालीनं पुरवलं, एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही. ठराव झाला. यामिनीची बदली म्हसावदला करायचंही ठरलं. तिच्या कामाचं कौतुक म्हणून.

आम्ही बाहेर आलो. दिवाल्या पायरीवर बसला होता, खुशीत. टाळ्या त्याला कळल्या होत्या, पुढचं मराठी-अहिराणी सगळं कळलं नव्हतं. यामिनी त्याच्या शेजारी बसली आणि त्यांच्या पावरीत बोलत राहिली, खालच्या आवाजात. मला शब्द कळले नाहीत. रमिलाचं नाव मात्र दोनदा ऐकू आलं. तो मध्येच काहीतरी विचारी, ती मान हलवी. मी माझ्या पर्सची चेन उघडत आणि बंद करत तिथंच उभी राहिले. मला जायचं होतं, पण पाय निघत नव्हता. शरम वाटत होती, आणि राग येत होता, आणि राग कुणावर काढावा तर समोर कुणीच नव्हतं.

बऱ्याच वेळानं दिवाल्या उठला. माझ्यापाशी आला. रागावलेला नव्हता. पोरं परीक्षेनंतर येतात ना, 'बाई, तो प्रश्न मी दुसऱ्या रीतीनं सोडवला असता तर मार्क मिळाले असते का?' असं विचारायला. अगदी तसा आला.

"बाई," तो म्हणाला, "मी जरा लंगडत चाललो असतो, तर?"

खोटं मला बोलता येत नाही.

"तर केंद्र राहिलं असतं, दिवाल्याभाऊ," मी म्हणाले.